बत्तीस सभासदांत एकटे जोतीराव!

दरवर्षी ११ एप्रिल आणि २८ नोव्हेंबर या दोन दिवशी महाराष्ट्रातील महापालिका आणि नगरपालिकांमध्ये राष्ट्रपिता जोतीराव फुले यांच्या तसबिरीला हार घातला जातो. पदाधिकारी येतात, अधिकारी येतात, फोटो निघतो आणि दुसऱ्या दिवशी तो वर्तमानपत्रात छापून येतो. भाषणांत मुलींची शाळा असते, अस्पृश्यांना खुला केलेला हौद असतो, सत्यशोधक समाज असतो. हे सारे खरेच आहे आणि ते पुन्हा पुन्हा सांगितलेच पाहिजे. परंतु ज्या इमारतीत हा हार घातला जातो, त्या संस्थेशी जोतीरावांचे काय नाते होते हे त्या भाषणांत येत नाही. जोतीराव १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. आजच्या भाषेत बोलायचे तर ते नगरसेवक होते!

ही गोष्ट भाषणातून गळते ती उगीच नव्हे. शाळा काढणाऱ्या जोतीरावांना हार घालणे सोपे आहे. खर्चाचा प्रस्ताव पुढे आला की हा पैसा कोणाचा आणि तो कोणावर खर्च होतो, असे विचारणारे जोतीराव मात्र आजही सभागृहाला अडचणीचे आहेत. म्हणून आम्ही आज त्यांचे चरित्र नगरपालिकेच्या बाजूने सांगणार आहोत. हे चरित्र आपल्या समाजालाही ऐकण्याची गरज आहे. राखीव जागेवर आपला माणूस निवडून आला की आपण गुलाल उधळतो. पुढे पाच वर्षे तो सभागृहात काय बोलला, कोणत्या ठरावावर त्याने हात वर केला, हे आपण विचारत नाही.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा, पुण्यातला. मूळचे घराणे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पेशव्यांच्या दरबारी फुले पुरविण्याच्या व्यवसायामुळे फुले हे नाव पडले. आई चिमणाबाई जोतीराव तान्हे असतानाच वारल्या आणि सगुणाबाईंनी त्यांना वाढविले. वडील गोविंदराव भाजीपाला आणि फुलांच्या धंद्यात होते. माळ्याच्या पोराला शिकवून काय करायचे, असे सांगणारे तेव्हाही होते. त्यांचे ऐकून वडिलांनी मुलाला शाळेतून काढून मळ्यात घातले. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. म्हणजे मळा आणि शाळा, दोन्ही त्यांनी पाहिले होते. भाजीची टोपली बाजारात नेणारा माणूस कर कसा भरतो हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

१८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत त्यांचा जातीवरून अपमान झाला. त्याच वर्षी त्यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीमाई शिकवू लागल्या. धर्ममार्तंड खवळले, गोविंदरावांवर दडपण आले आणि १८४९ साली या पती-पत्नीला घर सोडावे लागले. पुढे मुलींच्या आणखी शाळा निघाल्या, महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या. हा इतिहास आमच्या वाचकांना पाठ आहे. आम्ही त्यातल्या पैशाच्या बाजूकडे लक्ष वेधू इच्छितो.

पेशवाईत श्रावणमासात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. राज्य गेले तरी त्या पैशाचा फंड इंग्रजांनी चालू ठेवला. हा पैसा आला कोठून? शेतकऱ्याच्या साऱ्यातून. आणि जात होता कोणाकडे? १८४९ साली पुण्यातील सुधारकांनी या फंडाचा काही भाग मराठी ग्रंथांसाठी वापरावा म्हणून सरकारकडे अर्ज केला. लोकहितवादी त्यात होते आणि जोतीराव त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे जोतीरावांच्या शाळांनाही दक्षिणा फंडातून अनुदान मिळाले. बाविशीतल्या या तरुणाला तेव्हाच एक गोष्ट कळली होती. सार्वजनिक पैसा एकदा ज्या दिशेने वाहू लागतो त्याच दिशेने वाहत राहतो. तो वळवायचा असेल तर कोणीतरी उभे राहून मागणी करावी लागते, आणि वळविल्यावर ज्यांची दक्षिणा कमी होते त्यांच्या शिव्याही खाव्या लागतात.

१६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार झाला. या एका शालीच्या आधारे जोतीरावांना सरकारधार्जिणे ठरविण्याचा उद्योग शंभर वर्षे चालला आहे. इंग्रजांनी शाल दिली, इंग्रजांनी नगरपालिकेवर नेमले, म्हणजे हा इंग्रजांचा माणूस, असा तो युक्तिवाद. आम्ही वकिलीच्या धंद्यात आहोत. आमच्याकडे आरोपाला पुरावा लागतो. या आरोपाचा निकाल लावणारा पुरावा नगरपालिकेतील जोतीरावांच्या वागण्यात आहे. तो पुढे येईलच.

पोटासाठी जोतीराव सरकारी नोकरीच्या मागे लागले नाहीत. त्यांनी ठेकेदारी केली. खडकवासल्याचे धरण, येरवड्याचा पूल अशा कामांशी त्यांचा व्यावसायिक संबंध आला. मांजरीला त्यांनी शेती केली. बांधकामावर राबणारे मजूर त्यांनी जवळून पाहिले. साहेबाच्या हाताखालचा कारकून कामगारांना आणि ठेकेदारांना कसा नाडतो, हेही पाहिले आणि आपल्या लेखनात ते उघडे केले. आजच्या नगरसेवकांपैकी किती जण ठेकेदारीतून येतात आणि किती जण ठेकेदारीसाठी येतात, हे वाचकांना ठाऊक आहे. जोतीरावही ठेकेदार होते. पण इस्टिमेट कसे तयार होते आणि त्यात पैसा कोठे मुरतो हे ज्ञान त्यांनी जनतेच्या बाजूने वापरले. फरक येथे आहे.

१८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला. अशा माणसाला १८७६ साली सरकारने पुणे नगरपालिकेवर सभासद म्हणून नेमले.

त्या काळची नगरपालिका कशी होती हे समजून घेतले पाहिजे. पुण्याला नगरपालिका मिळाली १८५७ साली. सर्वसामान्य माणसाला मताचा अधिकार नव्हता. सभासद सरकार नेमत असे आणि कारभारावर सरकारी अधिकाऱ्यांचा वरचष्मा असे. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८८२ सालचा आणि त्यानुसार मुंबई इलाख्याचा कायदा झाला तो १८८४ साली. म्हणजे जोतीरावांच्या साऱ्या कारकिर्दीत सभासद हा जनतेला बांधलेला नव्हता. तो नेमणाऱ्याला बांधलेला होता. पुन्हा नेमणूक हवी असेल तर साहेबाच्या कलाने वागायचे, हा त्या बाकाचा अलिखित नियम. नगरपालिका हे मानाचे ठिकाण होते. तेथे सरदार, सावकार, पेन्शनर यांनी बसावे आणि साहेबाने मांडलेल्या ठरावाला मान डोलवावी, अशी रीत होती.

जोतीराव त्या बाकावर बसले तेव्हा दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. १८७६ ते १८७८ असा तो चालला. खेड्यापाड्यांतून माणसे अन्नासाठी शहराकडे येत होती. सत्यशोधक समाजाने धनकवडी येथे दुष्काळपीडित मुलांसाठी अन्नछत्र चालविले. मे १८७७ मध्ये जोतीरावांनी त्यासाठी मदतीचे जाहीर आवाहन केले. सावित्रीमाईंनीही या कामात स्वतःला जुंपून घेतले. नगरपालिकेतील त्यांच्या पुढच्या भूमिका पाहताना हा दुष्काळ विसरून चालणार नाही. शहराच्या वेशीवर उपाशी मुले ज्याने पाहिली आहेत, त्याच्यासमोर कमानी-पताकांच्या खर्चाचा कागद आला तर तो काय करील?

पहिला प्रश्न आला तो दारूचा. १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारीचा नवा कायदा झाला होता. दारू हे सरकारच्या उत्पन्नाचे साधन होते आणि पुण्यात दारूची दुकाने वाढत होती. जुलै १८८० मध्ये जोतीरावांनी नगरपालिकेच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष प्लंकेट यांना पत्र लिहिले. पत्राचा आशय असा होता की शहरात दारूचे दुकान निघाल्यापासून अनेक कुटुंबांची धूळधाण झाली आहे आणि लोकांच्या आरोग्यावर व नीतीवर त्याचा परिणाम होत आहे. म्हणून नुकसानीच्या प्रमाणात या दुकानांवर नगरपालिकेने कर बसवावा. आणि दुसऱ्या कोणत्या ठिकाणी असा कर बसविलेला आहे काय, याची माहितीही त्यांनी मागितली.

या पत्राची रचना कायद्याच्या विद्यार्थ्याने अभ्यासावी अशी आहे. दारू वाईट आहे एवढे सांगून जोतीराव थांबले नाहीत. परिणाम सांगितला, संस्थेची जबाबदारी दाखविली, उपाय सुचविला आणि दुसरीकडचा दाखला मागितला. तक्रार कशी करावी याचा हा नमुना आहे. आपल्याकडचे निवेदन बहुतेक वेळा संतापाने सुरू होते आणि तीव्र आंदोलनाच्या इशाऱ्याने संपते. मधे मागणी काय आहे हे शोधावे लागते! अधिकाऱ्याला असे निवेदन फार आवडते. तो ते घेतो, चहा पाजतो आणि फाईलला लावतो. नेमका प्रश्न आणि नेमकी माहिती मागितली की मात्र त्याला उत्तर द्यावे लागते, किंवा उत्तर दिले नाही हे तरी कागदावर येते.

दुसरा प्रसंग सर्वांत मोठा. हिंदुस्थानचा व्हाईसरॉय पुण्याला येणार होता. त्याच्या स्वागतासाठी नगरपालिकेच्या तिजोरीतून एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला. नगरपालिकेचे बत्तीस सभासद. त्यांत शिकलेसवरलेले लोक होते, नामांकित लोक होते. जोतीरावांनी सांगितले की हा पैसा करदात्यांचा आहे, तो स्वागतावर उधळण्यापेक्षा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा. प्रस्ताव मंजूर झाला. त्याच्या बाजूने न गेलेले सभासद एकच, जोतीराव!

आता त्या सरकारधार्जिणेपणाच्या आरोपाचा निकाल लावू. ज्या सरकारने शाल दिली, ज्या सरकारने सभासदत्व दिले, ज्या सरकारच्या कामांवर ठेकेदारी अवलंबून होती, त्या सरकारच्या सर्वोच्च प्रतिनिधीच्या स्वागताला हा माणूस विरोध करतो. नेमणूक काढून घेणे सरकारच्या हाती होते, ठेका न देणेही सरकारच्या हाती होते. जोतीरावांना हे कळत नव्हते काय? उरलेल्या सभासदांना मात्र ते पक्के कळत होते आणि म्हणून ते एकत्र राहिले. जोतीरावांना इंग्रजांचा हस्तक म्हणणाऱ्यांनी त्या एकतीस जणांना कोणते नाव द्यायचे ते आधी ठरवावे.

एक हजार रुपये ही रक्कम आज किरकोळ वाटेल. त्या काळी ती किरकोळ नव्हती. हंटर आयोगापुढे जोतीरावांनी प्राथमिक शिक्षकाला दरमहा निदान बारा रुपये पगार असावा अशी मागणी केली होती. हिशेब करा. एक हजार रुपयांत असे जवळजवळ सात शिक्षक वर्षभर शिकवू शकले असते. एका पाहुण्याच्या स्वागतात सात शाळांचा वर्षाचा पगार गेला. हा हिशेब आमचा आहे, पण विचार जोतीरावांचा आहे. अंदाजपत्रकातील प्रत्येक रक्कम म्हणजे दुसऱ्या एखाद्या कामाची कापलेली रक्कम असते, हे ते जाणून होते.

तिसरा प्रसंग मंडईचा. पुण्याचा भाजीबाजार पूर्वी शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात भरत असे. नगरपालिकेने शुक्रवार पेठेत मोठी इमारत बांधून तेथे मंडई नेण्याचे ठरविले. जोतीरावांनी या खर्चाला विरोध केला. त्यांचे म्हणणे तेच होते. शहरातील गोरगरिबांची मुले शाळेविना असताना दिमाखदार इमारतीवर एवढा पैसा घालण्याचे कारण नाही. लक्षात घ्या, भाजीपाला हा जोतीरावांच्या घराण्याचा धंदा होता. मंडई झाली तर बागाईतदार आणि व्यापारी यांची सोय होणार होती. स्वतःच्या व्यवसायाला सोयीची गोष्टही त्यांनी सार्वजनिक पैशाच्या तराजूत तोलली. विरोधाला यश आले नाही. १८८६ साली मंडई उभी राहिली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले.

मंडईची इमारत देखणी आहे, उपयोगाची आहे, आज पुण्याची ओळख आहे. मग जोतीराव चुकले काय? आमचे उत्तर असे की इमारत चांगली की वाईट हा त्यांचा मुद्दाच नव्हता. आधी काय आणि नंतर काय, हा त्यांचा मुद्दा होता. नळाला पाणी नसलेल्या वस्तीशेजारी कारंजे बांधले तर कारंजे वाईट नसते. क्रम वाईट असतो. नगरपालिकेचे सारे राजकारण या क्रमाचे राजकारण असते आणि क्रम ठरविताना ज्यांचा माणूस खोलीत नसतो त्यांचे काम शेवटी जाते.

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीरावांनी हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिले. त्यावर त्यांनी आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि पुणे नगरपालिकेचे सभासद अशी दिली आहे. पत्ता जुना गंज पेठेचा. या निवेदनातील सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या मागणीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. नगरपालिकांविषयीचा मुद्दा मात्र दुर्लक्षित राहिला. जोतीरावांनी असे सुचविले की मोठ्या शहरांतील नगरपालिकांनी आपल्या हद्दीतील प्राथमिक शाळांचा सर्व खर्च उचलावा, पण शाळांचा कारभार कोणत्याही परिस्थितीत पूर्णपणे त्यांच्या हाती देऊ नये. देखरेख शिक्षण खात्याची असावी.

हे कोण सांगत आहे? सहा वर्षे नगरपालिकेत बसलेला सभासद सांगत आहे! स्वतःच्याच संस्थेला जादा अधिकार नकोत असे म्हणणारा सभासद आम्हाला तरी दुसरा माहीत नाही. कारण त्यांनी आतून पाहिले होते. नगरपालिकेत उच्चवर्णीयांचे प्राबल्य होते. तिच्या हाती शाळा गेल्या तर महार-मांगांच्या मुलाला कोणत्या कोपऱ्यात बसविले जाईल, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नव्हते. पैसा स्थानिक संस्थेने द्यावा, पण तिच्यावर नजर ठेवणारा दुसरा कोणी असावा, असे हे तत्त्व आहे. लेखापरीक्षण, अपील, न्यायालय ही सारी त्याच तत्त्वाची पुढची रूपे. आमचे लोक गावकीच्या आणि नगरपालिकेच्या मर्जीवर सोडू नका, हा बाबासाहेबांनी पुढे धरलेला आग्रह याच वाटेवरचा आहे.

१८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून झाला. त्यात सरकारी खात्यांबरोबर नगरपालिकेच्या जकातीवरही आसूड ओढला आहे. शेतकरी भाजीची गाडी घेऊन शहराच्या नाक्यावर येतो, माल विकण्याआधीच जकात भरतो, पुढे अडते-दलाल त्याला कापतात आणि तो रिकाम्या हाताने घरी जातो. त्याच्या जकातीतून शहराचे रस्ते होतात, दिवे लागतात. तो मात्र अंधारातून गाडी हाकत गावाकडे परततो. शहराचा कर शहरातले लोकच भरतात ही समजूत जोतीरावांनी तेव्हाच मोडून काढली. पुण्यातील जकात २०१३ साली बंद झाली, पण न्याय तोच आहे. झोपडपट्टीतला माणूस घरपट्टी भरत नाही म्हणून त्याला फुकट्या म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की काडीपेटीपासून मोबाईलच्या रिचार्जपर्यंत प्रत्येक वस्तूवर तो कर भरतो. वर शहराचा कचराही तोच उचलतो.

नगरपालिकेतून बाहेर पडल्यावरही जोतीराव थांबले नाहीत. २ मार्च १८८८ रोजी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात समारंभ झाला. दागिन्यांनी मढलेल्या पाहुण्यांत जोतीराव गरीब शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि या देशाची खरी प्रजा कशी आहे हे राणीच्या मुलाला दाखविले. पूर्वी सभागृहात जे मताने सांगितले, ते येथे अंगावरच्या कपड्याने सांगितले. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली. पुढे पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला तर डाव्या हाताने त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पूर्ण केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्या एप्रिलमध्ये महू येथे भीमरावांचा जन्म झाला.

पुणे नगरपालिकेने आपल्या या सभासदाचे काय केले? १९२५ साली केशवराव जेधे यांनी जोतीरावांचा पुतळा उभारण्याचा प्रस्ताव नगरपालिकेत आणला. तो फेटाळला गेला. त्या वादात जोतीरावांवर चिखलफेक झाली आणि तिला उत्तर म्हणून दिनकरराव जवळकरांनी ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक लिहिले. जवळकर, जेधे आणि इतरांवर बदनामीचा खटला होऊन शिक्षा झाली. अपिलात त्यांची बाजू मांडायला कोण उभे राहिले? बॅरिस्टर भीमराव रामजी आंबेडकर! १९२६ साली आरोपी निर्दोष सुटले. पुढे १९३० च्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना रे मार्केटचे नाव बदलून महात्मा फुले मंडई झाले. ज्या इमारतीच्या खर्चाला जोतीरावांनी विरोध केला, तिच्यावरच त्यांचे नाव लागले. नाव देणाऱ्यांचा हेतू चांगला होता, याबद्दल आम्हाला शंका नाही. पण नाव इमारतीला मिळाले आणि प्रश्न तसाच राहिला.

हा प्रश्न बाबासाहेबांनी महाडला नेला. सी. के. बोले यांच्या १९२३ च्या ठरावानंतर महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले, पण कागदावर. तळ्यावर जाण्याची हिंमत आणि सोय कोणालाच नव्हती. १९ आणि २० मार्च १९२७ च्या परिषदेने तो कागद वापरून दाखविला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव मागे घेतला, सवर्णांनी दावा लावला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांचा हक्क कायम झाला. महाडचा लढा मानवमुक्तीचा लढा होताच. त्याबरोबर तो नगरपालिकेला तिच्याच ठरावाचा जाब विचारणारा लढा होता. ठराव केलास ना? मग अंमल कोठे आहे?

आज आपल्या हाती जोतीरावांपेक्षा किती तरी अधिक साधने आहेत. १९९३ पासून लागू असलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक दर्जा दिला, अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा दिल्या आणि मोठ्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम ६३ महापालिकेची आवश्यक कर्तव्ये सांगते. सफाई, गटारे, पाणी, प्राथमिक शाळा ही त्यांत आहेत. ऐच्छिक कामे कलम ६६ मध्ये आहेत. म्हणजे आधी काय आणि नंतर काय, हा जोतीरावांचा क्रम आता कायद्यात लिहिलेला आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर मागता येते. एवढेच नाही, चालू कामाची पाहणी करता येते आणि वापरलेल्या साहित्याचा नमुनाही घेता येतो. जोतीरावांना दुसऱ्या नगरपालिकांची माहिती साहेबाकडे विनंती करून मागावी लागली. आपल्याला ती हक्काने मागता येते.

तरी परिस्थिती काय आहे? पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत २०२२ साली संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ तेथे निवडणूक झाली नाही. प्रशासकच प्रस्ताव मांडणार आणि प्रशासकच मंजूर करणार, असा कारभार चालला. एकट्या जोतीरावांचे एक विरोधी मत जेथे नोंदले जायचे, तेथे विरोधी मताची जागाच उरली नव्हती. या विरोधात किती मोर्चे निघाले? आपल्या किती संघटनांनी हा विषय घेतला?

दुसरे उदाहरण सफाई कामगारांचे. हाताने मैला साफ करण्यावर १९९३ साली बंदी आली, २०१३ साली अधिक कडक कायदा आला. गटारात मरण पावलेल्यांच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला आणि २०२३ साली ही रक्कम तीस लाख केली. तरी माणसे गटारात उतरविली जातातच. काम ठेकेदाराकडे दिले म्हणून महापालिका हात झटकते. मरणारा कोणत्या समाजाचा असतो हे सांगण्याची गरज नाही. कायदा आहे, निकाल आहे, पैसाही आहे. मग नाही काय? ठेक्याच्या करारात सुरक्षेच्या अटी कोणत्या होत्या आणि यंत्रासाठी किती तरतूद होती, हे सभागृहात उठून विचारणारा माणूस नाही.

म्हणून समाजबांधवांना आमचे सांगणे साधे आहे. येत्या ११ एप्रिलला मिरवणूक जरूर काढा, पण त्याआधी प्रत्येक वस्तीतून एक अर्ज महापालिकेत जाऊ द्या. आपल्या प्रभागासाठी गेल्या वर्षी किती रक्कम मंजूर झाली, त्यातली किती खर्च झाली आणि कोणत्या कामावर, हे तीन प्रश्न विचारा. मागासवर्गीय वस्त्यांसाठी आलेला निधी दुसरीकडे वळविला काय, हे विचारा. सभेचे इतिवृत्त मागा आणि आपला नगरसेवक कोणत्या ठरावावर काय बोलला ते वाचा. तो काहीच बोलला नसेल तर पुढच्या निवडणुकीत तो दारात आला की ते इतिवृत्त त्याच्या हातात द्या. उत्तर आले नाही तर पहिले अपील करा, मग दुसरे. हे काम कंटाळवाणे आहे, त्यात टाळ्या नाहीत, फोटो नाही. दारूच्या दुकानांवरील कराची माहिती मागणाऱ्या जोतीरावांच्या पत्रालाही टाळ्या पडल्या नव्हत्या.

आणि आपले जे बंधू-भगिनी सभागृहात बसले आहेत, त्यांना एवढेच सांगायचे आहे. जोतीरावांना जनतेने निवडून दिले नव्हते, तरी ते जनतेच्या पैशासाठी एकटे उभे राहिले. तुम्हाला जनतेने निवडून दिले आहे आणि तुमच्या मागे बाबासाहेबांचे संविधान आहे. प्रस्ताव मंजूर होईल की नाही, याची चिंता जोतीरावांनी केली नाही. त्यांचा विरोध हरला, पैसा खर्च झाला, पाहुणा येऊन गेला. त्या बत्तीस जणांपैकी आज लोकांना नाव आठवते ते एकाचेच.

जय जोती! जय भीम!